तक्रार : पडद्यावर ८५ टक्के, हातोड्याखाली ४४

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय : क्राफ्टिंगच्या (खेळात वस्तू घडवण्याच्या) पडद्यावर दाखवला जाणारा चुकीचा आकडा, त्यात गेलेला माल आणि २४९ रुपये

महोदय / महोदया,

तुमच्या ऑनलाईन खेळाचं सहा महिन्यांचं सदस्यत्व मी २९ जूनला १,४९९ रुपये भरून घेतलं. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर आहे. मुलगी शिकायला पुण्याला गेली. फोनवर "जेवलीस का" याच्यापुढे गाडी सरकत नाही, पण रात्री तासभर सोबत खेळलं की बोलणं आपोआप होतं. ती तलवार चालवते, मी लोहारकी घेतली. दिवसभर लोखंड आणि रात्री पुन्हा लोखंड, हे बायकोचं म्हणणं मान्य आहे.

तुमच्या वेशीवरचा म्हातारा लोहार हातात टिकाव देतो, तांब्याचे पाच दगड खणून आणायला लावतो, एक सुरी ठोकून घेतो आणि सातव्या मिनिटाला "अभिनंदन, तुम्ही कारागीर झालात" अशी पाटी झळकते. आयटीआयला आम्हाला एक ठोकळा आणि एक फाईल मिळाली होती. फाईल मारायची, गुण्या लावायचा, खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा फाईल. असे कित्येक आठवडे गेले, तेव्हा सरांनी दुसरा जॉब दिला. सात मिनिटांत कारागीर केलंत याला माझी हरकत नाही, खेळ आहे. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे.

जुलैचे तीन आठवडे मी काळं लोखंड खणलं. एका नोडमधून, म्हणजे खाणीतल्या खणायच्या जागेतून, तीन दगड, नोड परत भरायला बारा मिनिटं. एकूण २४० दगड जमले. तीन दगड वितळवून एक कांब, म्हणजे ८० कांबी. (टिकाव किती झिजलाय ते कुठेच दिसत नाही, तो खाणीत खोलवर गेल्यावरच मोडतो. असो.) मुलीसाठी चिलखत करायचं होतं, त्याला ४० कांबी लागतात. २ ऑगस्टच्या रात्री मी ते ठोकायला घेतलं. पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं : यशाची शक्यता ८५ टक्के. पहिलं चिलखत फुटलं. दुसरंही फुटलं. सगळ्या ८० कांबी गेल्या, परत काही आलं नाही.

शंभरात पंधरा अपयशं, ती लागोपाठ दोनदा येणं म्हणजे शंभरात सव्वादोन वेळा. होतं असं, नशीब म्हणून मी गप्प बसलो असतो. पण दुसरं चिलखत फुटलं त्याच क्षणी खिडकी उघडली : "भाग्यशिला, २४९ रुपये, पुढचा प्रयत्न नक्की यशस्वी, ऑफर फक्त १० मिनिटं." खाली सेकंद पळत होते. मी घेतली. मुलीने तिच्या गिल्डमधून, म्हणजे खेळातल्या तिच्या गटातून, ४० कांबी उसन्या आणल्या, चिलखत झालं. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं तर तीच खिडकी, तेच २४९ रुपये, तीच १० मिनिटं.

गिल्डमधल्या एका मुलाने सहज विचारलं, "काका, हातोडा कुठल्या ग्रेडचा आहे?" हातोड्याला ग्रेड असते हे मला तेव्हा कळलं. माझा हातोडा म्हाताऱ्याने फुकट दिलेला, पहिल्या ग्रेडचा. काळं लोखंड तिसऱ्या ग्रेडचं. हातोडा मालापेक्षा खालचा असेल तर शक्यतेतून कपात होते. ही कपात तुमच्या शिकवणीत नाही, हातोड्याच्या वर्णनात नाही, रेसिपीत नाही.

टूलरूममध्ये शंका आली की मोजतात. १० ऑगस्टच्या रविवारी आणखी काळं लोखंड खणून त्याचे खिळे ठोकले, एका दगडाचा एक. जुन्या हातोड्याने ५० प्रयत्न केले, २२ खिळे झाले. मग गिल्डमधून तिसऱ्या ग्रेडचा हातोडा मागून घेतला. त्याने ५० प्रयत्नांत ४३ झाले. म्हणजे ४४ टक्के आणि ८६ टक्के. पडद्यावरचा आकडा दोन्ही वेळा एकच होता, ८५. शंभर प्रयत्नांचे शंभर स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. पन्नास नग हा काही फार मोठा नमुना नव्हे हे मलाही समजतं, पण एवढी तफावत नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

खेळात सगळं आयतं सांगा असं माझं म्हणणं नाही. तुमच्या खाणीत भरलेल्या नोडवर टिकाव मारला की "ठण्ण" वाजतं आणि रिकामा होत आलेल्यावर "भद्" असा आवाज येतो. हे कुणी शिकवलं नाही, मला कानाने सापडलं, आणि त्या रात्री मी खूश होऊन मुलीला दोनदा सांगितलं. ज्याने हे केलं त्याला माझा नमस्कार कळवा. पण न सांगणं वेगळं आणि खोटा आकडा दाखवणं वेगळं. माझ्या व्हर्नियरने (मोजमापाच्या हत्याराने) ४४ ला ८५ दाखवलं, तर मी तो त्याच दिवशी स्टोअरला जमा करीन.

लग्नाआधी सायबर कॅफेत तास मोजून मी रूनस्केप खेळायचो. तिथे कच्चं लोखंड वितळवताना निम्मा माल फुकट जायचा. पण दर वेळी ओळ यायची की खनिज अशुद्ध होतं, म्हणून शुद्ध झालं नाही. त्यावर उपाय म्हणून अंगठी मिळायची, तीही खेळातल्याच पैशांत. निम्मं लोखंड गेलं तरी मी कधी चिडलो नाही. मुलगी फायनल फँटसी चौदा खेळायची. त्यात माल न घालवता आधी रेसिपीचा सराव करून बघता येतो, चुका फुकटात होतात. तुमच्याकडे चूक करण्याची किंमत २४९ रुपये आहे.

४ ऑगस्टला तुमच्या चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, "प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करत आहे." नेमकी कोणाच्या अपेक्षेप्रमाणे, हे विचारल्यावर चॅट बंद झाला.

मला माझ्या ८० कांबी परत हव्यात. त्यातल्या ४० गिल्डला द्यायच्या आहेत. भाग्यशिलेचे २४९ रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात हवेत, खेळातली नाणी नकोत. आणि शक्यतेचा आकडा हातोड्याची कपात धरून दाखवा, बटण दाबायच्या आधी. हे शेवटचं होणार नसेल तर सदस्यत्वाच्या उरलेल्या महिन्यांचे पैसेही परत करा, मी दुसरीकडे लोहारकी करीन.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. संपत नसलेल्या १० मिनिटांच्या घड्याळाला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत खोटी निकड म्हटलं आहे, आणि त्यातल्या तेरा प्रकारांत तो पहिलाच आहे. महिन्याभरात निकाल लागला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर हेच कागद देईन.

उत्तर माणसाने लिहिलेलं असावं. मी संध्याकाळी साडेसहानंतर फोनवर उपलब्ध असतो, शिफ्टमध्ये मोबाईल लॉकरमध्ये असतो.

आपला ग्राहक,
सातपूर, नाशिक

सोबत : १०० स्क्रीनशॉट, दोन्ही चिलखतं फुटल्याच्या नोंदी, भाग्यशिलेची पावती, ४ ऑगस्टचा चॅट