पैसे तासाचे, तरी मुलं गोष्ट पाहत बसायची

महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या व्हिडिओ गेमवर आलेला लेख वाचला. पैसे लावून खेळायचे मोबाईलवरचे गेम, गोळीबाराचे गेम आणि नारुतो या जपानी निन्जा-कथेवरचे गेम यांची त्यात एकच मोट बांधली आहे. नारुतोच्या वाट्याला एक ओळ आली आहे. निन्जांची मारामारी पाहून मुलं आक्रमक होतात, एवढंच. त्या ओळीबद्दल मला लिहायचं आहे, कारण मुलं हा गेम कशी खेळतात ते मी माझ्या दुकानात रोज संध्याकाळी पाहत होतो.

सांगलीत विश्रामबागेत माझं गेम पार्लर होतं. टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, आधी प्लेस्टेशन २, मग प्लेस्टेशन ३. तासाला तीस रुपये, दोघं बसले तर पन्नास. भिंतीवर टीव्ही, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आणि टेबलावर माझी वही. कोण किती वाजता बसलं, किती वाजता उठलं, ते तीत लिहायचं. शाळेच्या गणवेशात आलेल्याला खुर्ची मिळणार नाही, असा नियम होता आणि तो मी कुणासाठी मोडला नाही.

घड्याळ चालू असताना पोरगं एक मिनिट वाया घालवत नाही, हे त्या वहीमुळे मला पक्कं ठाऊक आहे. फुटबॉलमध्ये गोल झाला आणि रिप्ले सुरू झाला की लगेच बटण दाबून तो उडवायचे. गाड्यांच्या शर्यतीआधीची चित्रफीत कुणी पूर्ण पाहिलेली मला आठवत नाही. हीच पोरं ‘नारुतो शिप्पुदेन : अल्टिमेट निन्जा स्टॉर्म २’ लावला की मधल्या प्रसंगांना कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती पाहत बसायची. घड्याळ चालू, पैसे स्वतःच्या खिशातले, आणि उडवायचं बटण अंगठ्याखाली असूनही कुणी दाबत नव्हतं. कुणी दाबलंच तर मागून चार जण ओरडायचे.

एवढं काय असायचं त्या प्रसंगांत? ज्यांनी नारुतो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मासाशी किशिमोतो यांची ही चित्रकथा जपानच्या ‘शोनेन जंप’ साप्ताहिकात १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षं चालली. ७०० प्रकरणं झाली. कोनोहा हे निन्जांचं गाव. नारुतोचा जन्म झाला त्याच रात्री नऊ शेपट्यांच्या महाकाय कोल्ह्याने गावावर हल्ला केला. त्याला आवरताना नारुतोचे आईवडील गेले आणि तो कोल्हा या बाळाच्या अंगात कोंडला गेला. म्हणून अख्खं गाव या पोराला टाळतं. झोपाळ्यावर एकटा बसलेला, सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं म्हणून खोड्या काढणारा हा मुलगा पुढे गावाचा प्रमुख व्हायची जिद्द धरतो.

स्टॉर्म २ मध्ये पेन नावाचा शत्रू येऊन एका तडाख्यात कोनोहा जमीनदोस्त करतो. त्याआधी नारुतोचे गुरू जिराइया पेनच्याच हातून गेलेले असतात आणि ती लढाई गेम आपल्याकडून जिराइयाच्या बाजूने खेळवून घेतो. आपण जिवाच्या आकांताने बटणं दाबतो, तरी कथेत ते मरणारच असतात. मग नारुतो येतो, पेनला हरवतो. दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इथं फटाके वाजले असते. इथं नारुतो पेनच्या मागे असलेल्या खऱ्या माणसाला, नागातोला, शोधून काढतो आणि त्याच्यासमोर उभा राहून त्याची कहाणी ऐकून घेतो. नागातोचे आईबाप युद्धात कोनोहाच्या निन्जांच्या हातून मेलेले. नारुतोचे गुरू तेच एके काळी नागातोचेही गुरू. सूडाने सूड वाढतो, तर हे थांबवायचं कसं, असा नागातोचा प्रश्न असतो. नारुतोकडे तयार उत्तर नसतं आणि तो तसं भासवतही नाही. शेवटी नागातो हल्ल्यात मेलेल्या गावकऱ्यांना परत जिवंत करून स्वतः प्राण सोडतो.

हे पाहताना दुकानात चिडीचूप असायचं. अकरावी-बारावीची, गाड्या उडवत येणारी पोरं होती ही. पाच मिनिटांची चित्रफीत संपल्यावर एकाने मला विचारलं होतं, ‘दादा, तुम्ही असता तर त्याला सोडला असता का?’ तो माझ्या टेबलाशी येऊन उभा होता आणि त्याच्या तासातली मिनिटं जात होती. तुमच्या लेखातल्या ‘आक्रमक मुलां’मध्ये हा मुलगा धरायचा का, ते लेखकांनी सांगावं.

आता खेळाबद्दल, कारण नुसत्या कथेचं कौतुक केलं तर टीव्हीवरची मालिका पाहा म्हणून मोकळं होता येईल. हे गेम जपानमधल्या फुकुओका शहरातल्या सायबरकनेक्ट टू या कंपनीने बनवले. प्लेस्टेशन २ वर २००३ पासून त्यांची नारुतोच्या गेमची मालिका सुरू झाली आणि २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर पहिला ‘स्टॉर्म’ आला. त्यात खेळायला २५ पात्रं होती. कंपनीचे प्रमुख हिरोशी मात्सुयामा चित्रकथांचे एवढे वेडे की कार्यक्रमांना स्वतः नारुतोचा नारिंगी वेश घालून जातात. गेम पाहताना ते वेड दिसतं. आकृत्या त्रिमितीत आहेत, पण त्यांच्या कडेला शाईची रेघ आहे आणि रंग सपाट भरलेले आहेत, त्यामुळे छापलेलं चित्रच उठून पळायला लागल्यासारखं वाटतं. मी चित्रकलेतला माणूस नाही, पण पहिला स्टॉर्म लावला तेव्हा कोनोहाच्या छपरांवरून उड्या मारत फिरताना मीच गिऱ्हाईक विसरलो होतो. चिकायो फुकुदा यांचं संगीतही तसंच, बासरीसारखे जपानी सूर आणि ढोल, लढाईत अंगात भिनणारं.

लढाईत नुसतं बटण बडवून जिंकता येत नाही. चक्र म्हणजे शक्ती साठवायला थांबावं लागतं आणि थांबलं की अंगावर येणाऱ्याला मोकळं रान मिळतं. सोबत दोन साथीदार निवडता येतात, त्यांना कधी हाक मारायची हे ठरवावं लागतं. पण पोरांचा खरा जीव होता ‘लाकडा’त. मार बसण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर आपण गायब होतो, आपल्या जागी ओंडका पडतो आणि आपण शत्रूच्या पाठीमागे निघतो. स्टॉर्म २ मध्ये सगळा भर वेळ साधण्यावर होता. दोन पट्टीचे खेळाडू समोरासमोर बसले की लाकडावर लाकूड पडायचं आणि लढाई संपता संपायची नाही. २०१२ च्या ‘जनरेशन्स’ या स्टॉर्मच्या पुढच्या गेममध्ये कंपनीने लाकडाला वेगळी पट्टी दिली, चार खणांची. वापरली की संपते, मग हळूहळू भरते. त्या एका बदलाने खेळ डोक्याचा झाला. समोरच्याची किती लाकडं उरली, तो आता वापरेल की राखून ठेवेल, हे ओळखायचं. दुकानातला सगळ्यात चांगला खेळाडू दंगा करणारा नव्हता. तो जवळपास बोलायचाच नाही आणि नेहमी रॉक ली हे पात्र घ्यायचा. ज्याला निन्जांची कुठलीही विद्या जमत नाही, नुसत्या मेहनतीने आणि हातापायांनी लढतो, तो. इताची घेणारे, सासुके घेणारे भरपूर होते. ली घेऊन सगळ्यांना हरवणारा तो एकच.

भांडणं व्हायची, खोटं कशाला सांगू. कुणी दुसऱ्याचा सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, पुसला म्हणून एकदा दोघांना बाहेर काढावं लागलं. पण हरला म्हणून समोरच्यावर हात उगारलेला मी पाहिला नाही. दोघं एकाच टीव्हीसमोर, खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. हरणाऱ्याला जिंकणाऱ्याचं तोंड दिसतं आणि जिंकणाऱ्याला पुढचा डाव त्याच्याशीच खेळायचा असतो. आपल्या सांगली-कोल्हापुरात कुस्तीचं मैदान भरलं की बाप पोराला खांद्यावर घेऊन जातो, तेव्हा कुणी म्हणत नाही की पोरगं हाणामारी शिकेल. पाठ लागल्यावर दोन्ही पैलवान हात मिळवतात, हे पोरगं तिथं बघतं. या गेममध्येही बघायला तेच आहे.

शेवटच्या लढाईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नारुतो आणि सासुके, लहानपणापासूनचे मित्र आणि प्रतिस्पर्धी, धबधब्याच्या दरीत दोन पुरातन पुतळ्यांखाली एकमेकांशी लढतात. चित्रकथेत ही लढाई २०१४ मध्ये संपली, पण टीव्हीवरच्या मालिकेत तिचा शेवट सप्टेंबर २०१६ मध्ये आला. ‘स्टॉर्म ४’ निघाला तो त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. म्हणजे ही लढाई हलत्या चित्रांत जगाने पहिल्यांदा पाहिली ती गेममध्ये. राक्षसी आकाराच्या शक्तींनी सुरू झालेली ती लढाई उतरत उतरत नुसत्या मुठींवर येते. चक्र संपलेलं, पाय लटपटतात, ठोसा मारणाराच तोल जाऊन पडतो. शेवटी दोघं शेजारी शेजारी आडवे पडलेले, नारुतोचा उजवा हात गेलेला, सासुकेचा डावा. आणि मग सासुके हार कबूल करतो. नारुतोला त्याला मारायचं नव्हतंच, त्याला घरी न्यायचं होतं. मारामारीचा गेम असून मारण्यात काही अर्थ नाही हे तो हातांना थकवून सांगतो. पुस्तकात वाचून ते कळतं. अंगठे दुखेपर्यंत बटणं दाबून ते वेगळं कळतं.

सगळं चांगलंच आहे असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये ‘नारुतो एक्स बोरुतो : स्टॉर्म कनेक्शन्स’ आला. १३० च्या वर पात्रं आहेत, एवढी की निवडताना डोळे फिरतात. पण ज्या गोष्टीसाठी माझी पोरं तास घालवायची ती त्यात बरीचशी स्थिर चित्रांवर आवाज चढवून उरकली आहे. जुन्या भागांत जे प्रसंग हातात घेऊन जगता येत होते, ते इथं अल्बम चाळल्यासारखे निघून जातात. पंधरा वर्षांच्या मालिकेने आपलीच जमेची बाजू अशी कोपऱ्यात टाकावी, याचं मला वाईट वाटतं. पालकांना विकत घ्यायचाच असेल तर २०१७ मध्ये निघालेला पहिल्या तीन भागांचा एकत्र संच घ्यावा, आणि तो संपला की स्टॉर्म ४. वयाचंही सांगतो. हे गेम युरोपात १२ वर्षांवरच्या आणि अमेरिकेत १३ वर्षांवरच्या मुलांसाठी म्हणून ठरवलेले आहेत. डब्यावर ते छापलेलं असतं. सहा-सात वर्षांच्या पोराला हा गेम द्यावा असं माझंही म्हणणं नाही.

माझं पार्लर आता नाही. स्वस्त डेटा आला, पोरांच्या हातात मोबाईल आले आणि खुर्च्या रिकाम्या पडल्या. त्या जागी मी झेरॉक्स आणि मोबाईल दुरुस्ती करतो. पण नारुतो गेलेला नाही. २०२२ पासून तो सोनी ये वाहिनीवर हिंदीत लागला आणि आता चौथी-पाचवीतली पोरं दुकानात येऊन मोबाईलच्या कव्हरवर नारुतोच्या शिक्षकाचं, काकाशीचं, चित्र मागतात. थोड्याच वर्षांत ती हे गेम खेळतील. तेव्हा त्यांच्या आईवडिलांना तुमच्या पुरवणीतली ती एक ओळ आठवेल, आणि घरात विनाकारण वाद होईल.

म्हणून दोन मागण्या करतो. आपल्या पुरवणीत नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, पुस्तकाचं येतं. महिन्यातून एकदा एका गेमचंही येऊ द्या. तो गेम पूर्ण खेळलेल्या माणसाकडून लिहून घ्या आणि त्यात तो कुणी बनवला, किती वर्षांवरच्या मुलासाठी आहे, एका टीव्हीवर दोघांना खेळता येतो का, पुढे आणखी पैसे मागतो का, हे स्पष्ट छापा. सांगलीतच असं लिहू शकतील अशी मुलं आहेत, काही आता इंजिनिअर झाली आहेत, एक शाळेत शिकवतो. मी त्यांना विचारू शकेन.

दुसरी मागणी लहान आहे. मोबाईलवर पैसे लावण्याच्या गेमबद्दल लेखात जे लिहिलं आहे ते योग्यच आहे, ते आणखी जोरात लिहा. फक्त त्या यादीतून नारुतोचं नाव काढल्याचं येत्या रविवारच्या अंकात छापा.

आपला,
जुना वाचक आणि एकेकाळचा पार्लरवाला
विश्रामबाग, सांगली