हॉकीचा सीझन संपला, आता घरचं बोलूया

शेफिल्ड, 28 एप्रिल 2024

ती. आई, बाबा, आजी आणि दादा,

सगळ्यांना नमस्कार. फोन रोज होतोच, पण तुम्ही चौघं एकदम बोलता, मध्येच आई जेवलीस का विचारते, आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून आज रविवार आहे तर सगळं टाइप करून पाठवतेय. दादा, आजीला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नको. जोतिबाची यात्रा मस्त झाली म्हणे, फोटो बघितले, चांगभलं! मी एकदम बरी आहे, खोकला गेलाय, आणि वजन कमी झालेलं नाही, त्या फोटोत जाड जॅकेट नव्हतं म्हणून तसं दिसतंय.

पहिली गोष्ट म्हणजे इथल्या बर्फावरच्या हॉकीचा सीझन संपला. म्हणजे माझं अरेनातलं काम आता कमी झालंय आणि अभ्यासाला वेळच वेळ आहे, तेव्हा बाबा, ती काळजी सोडा. काम करून अभ्यास मागे पडला असं अजिबात झालेलं नाही, पहिल्या सेमिस्टरचे मार्क मी तुम्हाला पाठवलेत. स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांच्या वर काम करताच येत नाही, कायदाच आहे तो, त्यामुळं मी रात्रंदिवस राबतेय असं जे आत्याला वाटतंय ते शक्यच नाही. मॅच असली की खाण्याच्या स्टॉलवर उभं राहायचं, चिप्स, हॉट डॉग, चहा द्यायचा, संपली की घरी. ट्रामचा स्टॉप अरेनाच्या जवळच आहे आणि मॅच सुटली की शेकडो माणसं एकदम ट्रामला येतात, बायका, म्हातारी माणसं, झोपलेली पोरं खांद्यावर घेतलेले बाप, सगळे. एकटी मी कधीच नसते. आणि आई, मांसाला हात लावावा लागतो हे खरं आहे, ग्लोव्ह्ज असतात, आणि मी बीफ खात नाही, खाल्लेलं नाही.

बाबा, तुम्हाला खेळ कळावा म्हणून सांगते, कारण तुम्ही अजून आपल्या मैदानावरच्या हॉकीसारखं समजताय. ही बर्फावरची. बाजूला पाच खेळाडू आणि गोली, 20 मिनिटांचे तीन पिरियड, आणि खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळतात आणि चालू खेळातच कठड्यावरून बाहेर उडी मारतात, दुसरे आत येतात, खेळ थांबवत नाहीत. चेंडू नसतो, पक असतो, काळ्या रबराची चकती, एक इंच जाड, तीन इंच रुंद, 170 ग्रॅमच्या आसपास. मॅचआधी तो फ्रीझरमध्ये ठेवतात म्हणजे बर्फावर उसळत नाही, सपाट घसरतो. मला एक मिळालाय, कडेला बारीक रेघारेघा असतात आणि हातात घेतला की वाटतो त्यापेक्षा लै जड लागतो. दादासाठी ठेवलाय.

आमची टीम शेफिल्ड स्टीलर्स. या गावात पोलाद बनायचं, आपल्याकडे जुन्या सुऱ्यांवर शेफिल्ड लिहिलेलं असायचं तेच हे गाव, म्हणून स्टीलर्स. 1991 ला हे अरेना उघडलं तेव्हाच टीम पण सुरू झाली. एलिट लीगमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, दहा टीम आहेत, इंग्लंडच्या, स्कॉटलंडच्या, एक वेल्सची कार्डिफ, एक बेलफास्टची, ती समुद्र ओलांडून येते. स्कॉटलंडची फाइफ फ्लायर्स 1938 पासून आहे, हे तुम्हाला आवडेल. प्रत्येक टीमच्या लीगच्या 54 मॅच, सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत, बहुतेक शनिवार-रविवार. आणि आमचं हाडवैर नॉटिंगहॅम पँथर्सशी, ट्रेननं तासाभरावर. बाबा, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची फुटबॉलची मॅच असली की तुम्ही सकाळपासून जसे जेवणाकडं पण बघायचा नाहीत, तशी ही माणसं त्या दिवशी असतात. स्टॉलवर माझ्याबरोबर एक साठीच्या बाई आहेत, त्या पहिल्या सीझनपासून येतात, त्यांना सगळे स्कोअर पाठ आहेत, त्यांच्याशी बोलताना मला तुमची आठवण येते, रोज येते खरं म्हणजे.

आता आई, तो खेळाडू गेला ती हीच लीग का, असं तू जे सारखं विचारतेस ते. हो, ही तीच लीग. 28 ऑक्टोबरला नॉटिंगहॅमचा अ‍ॅडम जॉन्सन इथंच, आमच्या अरेनात, गळ्याला स्केटचं पातं लागून गेला. 29 वर्षांचा होता, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. मी त्या दिवशी ड्युटीवर होते. तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही कारण आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन चार दिवसांवर होतं आणि सांगून तुम्ही तिथं बसून काय करणार होता. मी काही बघितलं नाही, आमचा स्टॉल बाहेरच्या बाजूला असतो. मॅच थांबवली, सगळ्यांना घरी जायला सांगितलं, आणि एवढी हजारो माणसं आमच्यासमोरून गेली तर कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. नंतर कित्येक दिवस अरेनाच्या बाहेर फुलं होती, जर्सी होत्या, नारंगी आमच्या आणि त्यांच्या काळ्या-सोनेरी शेजारी शेजारी. त्याचा 47 नंबर नॉटिंगहॅमनं कायमचा काढून ठेवला, आता कुणाला देणार नाहीत. त्यानंतर गळ्याला गार्ड घालायचं सगळ्यांनी मनावर घेतलं, इंग्लंडमध्ये एलिट लीगच्या खालच्या सगळ्या लीगमध्ये 2024 च्या सुरुवातीपासून सक्ती झाली. आपल्याकडं गणपतीत ढोल पथकातला कुणी पडला तर गल्ली जशी गप्प होते, तसं गाव गप्प होतं, मग हळूहळू माणसं परत आली. मी पण परत गेले. घाबरले नव्हते, रडले थोडी, पण ठीक आहे मी. प्रेक्षकांना काही धोका नाही, काचा असतात, गोलच्या मागं जाळी असते, आणि मी तर आतच नसते.

मारामाऱ्या होतात ते पण खरंय. दोघं ग्लोव्ह्ज खाली टाकतात, एकमेकांची जर्सी धरतात, मग पाच पाच मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये बसतात. मॅच संपली की सगळे रांगेत हात मिळवून जातात. एवढंच. त्यात फार काही नाही.

पण आजी, तुला एक सांगायचंच आहे, फोनवर तू ‘अस्वलं कशाला फेकतात गं’ म्हणून हसत सुटलीस आणि माझं पूर्ण झालंच नाही. नीट सांगते. ख्रिसमसच्या आधी एक मॅच ठरलेली असते, त्या दिवशी येताना प्रत्येकानं एक टेडी आणायचा, नवा, कापसाचा, बॅटरी वगैरे नसलेला, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायचा म्हणजे बर्फावर ओला होत नाही. मग मॅच सुरू झाली की तो मांडीवर घेऊन बसायचं. फेकायचा कधी, तर आपल्या टीमनं पहिला गोल केला की. दुसऱ्या टीमनं केला तर नाही. म्हणजे आपला गोल होईपर्यंत हजारो मोठी माणसं, दाढीवाले, टाय लावलेले, सगळे मांडीवर अस्वल घेऊन बसलेत आणि ओरडतायत. त्या दिवशी मला सुट्टी होती, त्या स्टॉलवरच्या बाईंनी तिकीट दिलं, मी पण तीन पौंडाचा एक ससा घेतला, अस्वलच पाहिजे असं नसतं. गोल झाला, भोंगा वाजला आणि वरून सगळ्या बाजूंनी अस्वलंच अस्वलं, कुत्री, ससे, एक जिराफ बघितला मी माणसाएवढा, तो चार-पाच जणांनी हातोहात खाली पोचवला. ज्यांचा खाली पोचत नाही त्यांचा पुढच्या रांगेतले उचलून परत फेकतात. बर्फ दिसेना. मग खेळ थांबतो, खेळाडू स्वतः कवटाळून कवटाळून गोळा करतात, मोठ्या पिशव्या भरतात, अगदी मघाशी मारामारी केलेला सुद्धा. ते सगळे टेडी नंतर आजारी पोरांना आणि संस्थांना जातात. वाया काही जात नाही आजी. माझा ससा पण कुणा पोराकडं असेल. गोल झाल्यावरच का फेकायचं, दारातच गोळा का करत नाहीत, हे मी त्या बाईंना विचारलं, तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या, म्हणाल्या मग मजा कशाची. त्या दिवशी मला इथं पहिल्यांदा परकं वाटलं नाही.

आणि या वर्षी स्टीलर्सनी सगळं जिंकलं! मार्चमध्ये चॅलेंज कप, फायनल आपल्याच अरेनात गिल्डफर्डशी, मग लीग, आणि 14 एप्रिलला नॉटिंगहॅमला प्लेऑफची, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीची, फायनल बेलफास्टला हरवून. तिन्ही ट्रॉफ्या एका सीझनला. त्या फायनलला मी गेले होते, हो, तिकीट काढून, बाबा स्टेटस बघून गप्प बसलात ते मला कळलं. त्या महिन्यात मी दुसरा काही खर्च केला नाही. तिथं एक वेगळंच, शेवटच्या शनिवार-रविवारी चारच टीम खेळतात पण दहाच्या दहा टीमचे लोक आपापल्या जर्सी घालून येतात, बाहेर पडलेल्या टीमचे सुद्धा, कारण तिकिटं आधीच काढून ठेवलेली असतात. आम्ही जिंकल्यावर डंडीच्या जर्सीतल्या एका आजोबांनी मला मिठीच मारली, मला काय, मी नुसती चिप्स विकणारी, पण लै भरून आलं.

आता खेळाडू चाललेत. बरेचसे कॅनडाचे, अमेरिकेचे, एका सीझनच्या बोलीवर आलेले. सामान गाड्यांत भरलं, कुणाला परत बोलवणार, कुणाला नाही, ते उन्हाळ्यात ठरतं. मी पण इथं तशीच वर्षाच्या बोलीवर आलेय, आणि जायच्या आधी ठरवायला पाहिजे. मी ठरवलंय. सप्टेंबरात प्रबंध दिला की रिझल्ट लागल्यावर मी दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसाला, म्हणजे शिक्षण संपल्यावर इथं राहून नोकरी करता येते त्या व्हिसाला, अर्ज करणार आहे.

पैशाचं आधी सांगते. फी 822 पौंड, वर हेल्थ सरचार्ज वर्षाला 1035, फेब्रुवारीत वाढवला तो, आधी 624 होता. दोन वर्षांचा धरून एकूण 2892 पौंड, आपले तीन लाख. यातला एक रुपयाही मी तुमच्याकडून घेणार नाही. स्टॉलचे साठवलेत, या महिन्यापासून तासाचा किमान दर 10.42 वरून 11.44 झालाय, आणि कोर्स संपल्यावर जास्त तास करता येतील. बाबा, कर्जाचं व्याज तुम्ही पीएफमधून भरताय हे दादानं सांगितलंय मला, त्याला रागावू नका. मी अजून घरी काही पाठवलं नाही हे रोज डोक्यात असतं. परत आले तर पुण्यात जो पगार मिळेल त्यात ते कर्ज फेडायला किती वर्षं जातील याचा हिशोब मी तीनदा केलाय, म्हणून म्हणते दोन वर्षं द्या.

पेपरात तुम्ही वाचलंत ते पण खरंय, त्याच्या पुढच्या नोकरीच्या व्हिसाला लागणारा वर्षाचा पगार 4 एप्रिलपासून 26,200 वरून 38,700 पौंड केलाय. पण नुकतंच शिकून निघालेल्यांना 30,960 चालतो, आणि लॉजिस्टिक्समध्ये तेवढं मिळणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. ग्रॅज्युएट व्हिसाचाच फेरविचार चाललाय, मला माहीत आहे, त्यावर लक्ष आहे माझं. नाही मिळाला तर येईन, तोंड पाडून येणार नाही.

दादा, आता तुझं लग्न. हा अर्ज इथं राहूनच करावा लागतो आणि निकाल येईपर्यंत देश सोडता येत नाही, सोडला तर अर्ज रद्द. रिझल्ट, अर्ज, मग दोन महिने, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्याचा मुहूर्त धरलात तर मी पोचेन असं मला सांगता येत नाही. नंतर धनुर्मास लागतो. आई, गुरुजींना जानेवारीच्या शेवटचा किंवा फेब्रुवारीचा मुहूर्त आहे का विचार ना. वहिनीच्या घरचे नाही म्हणाले तर हट्ट करू नका, मी व्हिडिओवर बघेन, करवलीचा मान चुलत बहिणीला द्या. पण विचारून बघ. मला यायचंय.

आणि आत्यानं आणलेलं स्थळ. मुलाचं वाईट काही नाही, बायोडाटा वाचला, माणसं चांगली वाटतात. त्याचा नंबर द्या, मी स्वतः बोलते आणि दोन वर्षांचं स्वतः सांगते. तोपर्यंत कुणाला हो म्हणू नका, सुपारी वगैरे तर नाहीच. पंचविसावं चालू आहे म्हणून उशीर झाला असं मला वाटत नाही, आजी तू पण माझ्या बाजूनं बोल. रागानं लिहीत नाहीये, खरंच. तुम्ही एवढं कर्ज डोक्यावर घेऊन पाठवलंत आणि मी अजून मागतेच आहे, हे मला समजतं.

बाबा, 7 तारखेला मतदान आहे, उन्हाच्या आत सकाळीच जाऊन या, टोपी घाला. आजीचे थेंब दिवसातून दोनदाच, तीनदा नाही. वर्गातला एक सांगलीचा मुलगा जूनमध्ये येतोय, त्याच्याकडं पक, आजीला थर्मल आणि आईला ती हँडक्रीम देते, त्याला कोल्हापुरी मसाला आणि शेंगदाण्याची चटणी द्या, तूप नको, बॅगेत सांडतं. मुहूर्ताचं गुरुजी काय म्हणाले ते आजच कळवा, तुमच्याकडं रात्री उशीर झाला तरी चालेल, मी जागी आहे.

तुमची,
ताई