सूचना : रविवारची भित्तिचित्र फेरी

सभासदहो, येत्या रविवारी सांगलीतली भिंतीवरची चित्रं आणि पुतळे पायी फिरून पाहायचे आहेत. सोबत मार्गदर्शक नाही. नकाशा ग्रुपवर आहे, ज्याने त्याने आपल्या चालीने फिरावं.

सुरुवात : गणपती मंदिर, सकाळी ६.३० ते ७.३० मध्ये कधीही. तिथून मारुती चौकातला शिवाजी महाराजांचा पुतळा, मग विष्णुदास भावे नाट्यमंदिर. मराठी रंगभूमी १८४३ साली याच गावात उभी राहिली, तिथे घाई नको. शेवट १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ. पुलावरचे कृष्णेच्या पाणीपातळीचे आकडे चित्रांत मोडत नाहीत, पण २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांवर गेलेलं आठवत असेल तर बघाच.

- चित्रांना हात लावू नये, टेकू नये.
- घराच्या भिंतीचा फोटो मालकांना विचारूनच.
- गाड्या घरी ठेवा. टोपी, पाणी आणा.

भडंग ज्याची त्याने.