आई-बापाची वाटणी करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबर जवळ आला की आपल्या पानांवर किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी येतात. १९९३ सालची ती पहाट, गणपती बोळवून झोपलेली गावं, ३ वाजून ५६ मिनिटं, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पार उद्ध्वस्त झालेली ५२ गावं. हे दरवर्षी छापलंच पाहिजे. पण त्या ढिगाऱ्यातून जोडीनं वाचलेली माणसं आता पंचाहत्तरी-ऐंशीला टेकली आहेत. त्यांच्यावर आज काय वेळ आली आहे, तेही छापून यावं म्हणून हे पत्र.

आमच्या पुनर्वसित गावात माझ्या शेजारी असंच एक जोडपं आहे. मी त्यांना तात्या आणि मावशी म्हणते. जुन्या गावात त्यांचं माळवद होतं. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडावर अंथरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत त्या पहाटे अंगावर आलं. थोरला मुलगा आणि मुलगी जागीच गेली. मावशी मातीखाली अडकल्या होत्या. दिसत नव्हत्या, नुसता आवाज येत होता. माणसं मदतीला येईपर्यंत तात्या हातानं माती उकरत हाका मारत राहिले. मावशी सांगतात, "जग बुडालं हुतं बग. पर ह्यांची हाक यायची, म्हून मी बी ओ द्यायची."

त्यानंतर या भागात जोडीदार गमावलेल्या कितीतरी जणांनी पुन्हा संसार मांडले. लेकरं गेलेल्या काही बायांनी नसबंदी उलटवण्याचं ऑपरेशन करून घेतलं. सगळं संपल्यावरही माणसानं माणूस धरून ठेवला, तो असा.

तात्या-मावशींना आधी पत्र्याचं शेड मिळालं, मग २५० चौरस फुटांचं पक्कं घर. पण मावशींना स्लॅबखाली झोप येत नाही. तात्यांनी अंगणात पत्रे टाकले, तेव्हापासून दोघं तिथंच निजतात. तात्यांना स्वतःला घरात निजायची भीती नाही. पौषात गुडघे धरतात, तरी ते आत जात नाहीत. रात्री मावशी दचकून उठल्या की ते उशाची काठी बाजेच्या लाकडावर दोनदा वाजवतात. बोलत काही नाहीत. मावशी कूस बदलून झोपी जातात. अंगणाला अंगण लागून असल्यानं मला हे सगळं ऐकू येतं.

२१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडं सकाळी धक्के बसल्याची बातमी आली. तात्या मला येऊन म्हणाले, "हिच्या कानावर घालू नगस." तासाभरानं मावशी आल्या. त्यांना कळलंच होतं. म्हणाल्या, "ह्यांना सांगू नगं, जीव घाबरा हुतोय त्यांचा."

आता त्यांच्या हयात असलेल्या दोन मुलांत शेताची वाटणी झाली. त्याच बैठकीत ठरलं की आई पुण्याला धाकट्याकडं आणि वडील लातूरला मोठ्याकडं. मुलं वाईट नाहीत. पुण्यातल्या एका खोलीत दोघं मावत नाहीत, नातवाला सांभाळायला घरात कुणीतरी लागतं, हे मला कळतं. पण म्हातारी लेकरं राखायला आणि म्हातारा शेताकडं बघायला, असे आई-बाप सोयीनं वाटून घेणं आमच्याकडं आता घरोघरी चाललं आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आई-वडिलांना मुलांकडून निर्वाह भत्ता मागता येतो. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अर्ज करावा लागतो. तात्या पोटच्या मुलांविरुद्ध ती पायरी कधीच चढणार नाहीत. आणि त्यांना पैसे नकोतच. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आणि दळणापुरती ज्वारी यात दोघांचं भागतं. त्यांना फक्त एका अंगणात राहायचं आहे.

म्हणून वाटणीच्या बैठकीला बसणाऱ्या भावकीला आणि पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. बांध, विहिरीच्या पाळ्या, गुरं यांचा निकाल लावाल तेव्हा म्हातारा-म्हातारी दोघं एकाच ठिकाणी राहतील, हेही कागदावर लिहून घ्या आणि मगच साक्षीदार म्हणून सही करा.

आपली,
एक वाचक, ता. औसा, जि. लातूर