शेवंतेच्या उड्या

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय मुकुंद,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना मी चार महिने उत्तर दिले नाही. कामाचे निमित्त सांगत नाही. मनात अढी होती. आज सकाळी आपल्या शेवंता पिकअपखाली गोणपाट टाकून पाठीवर पडलो असताना ती गेली. तू जुन्या बाजारातून आणलेल्या कमानीच्या पाट्यांत काहीही दोष नाही. गाडी त्यांच्यामुळेच उडते असे तीन वर्षे मी जे बोललो, अण्णा मिस्त्रींसमोर बोललो, तुझ्या मेहुण्यासमोरही बोललो, ते सगळे मागे घेतो. नलू म्हणाली, हे कागदावर लिहून दे, म्हणजे पुन्हा फिरणार नाहीस. म्हणून हे पत्र. प्रकृती ठीक आहे; साखर होती तेवढीच आहे.

झाले असे की गेल्या रविवारी सासवडहून परतताना दिवे घाटाच्या एका वळणावर रस्त्याला जरासा उंचवटा होता, त्यावर मागचा भाग असा उडाला की उजवे चाक क्षणभर रस्ता सोडून बाजूला सरकले. वेग तीसच्या वर नव्हता. नलूने मांडीवरच्या अंजिरांच्या टोपल्या घट्ट धरल्या आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ती भांडली असती तर बरे वाटले असते. त्या रात्री ठरवले की आता अंदाज पुरे, मोजायचे.

पहिली शंका अर्थातच चाकांवर घेतली, कारण पाट्यांनंतर तेवढाच आरोपी उरला होता. परंतु चाकाचा दोष ठरावीक वेगाला थरथर देतो, आणि शेवंता कोणत्याही वेगाला, एखादा खड्डा आला की मगच उडते. तरी मागची हवा चाळीसवरून अठ्ठावीसवर आणली, कारण रिकाम्या हौद्याला एवढी हवा कशासाठी भरत होतो हे मलाच सांगता येईना. थोडा फरक पडला, पण धक्का आणि त्यासोबतचा तो ‘ठक्’ आवाज तसाच राहिला. मग वाळूची दोन पोती हौद्यात टाकली. ओझे पडले की पिकअप शांत होते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. ही मात्र अधिकच आपटू लागली. तुला आठवत असेल, जेजुरीहून परत येताना सात माणसे मागे बसली होती तेव्हा तू हेच म्हणाला होतास, आणि मी म्हणालो होतो की तुला मागे बसायची सवय नाही.

माझी समजूत अशी होती की गाडी साडेतीन इंच खाली घेतल्यामुळे अॅक्सल चासीखालच्या रबरावर आदळत असावा. म्हणून गणपतीची उरलेली शाडू भिजवून तिचा लहानसा गोळा दोन्ही रबरांवर बसवला आणि कॉलनीतल्या गतिरोधकांवरून चार फेऱ्या मारल्या. ठक् आवाज चारही फेऱ्यांत आला. खाली जाऊन पाहतो तो माती जशीच्या तशी! माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा मोडला नव्हता. रबरापर्यंत काही पोचतच नव्हते, तर मग आपटत काय होते?

आपटत होते शॉकअप, धक्का जिरवणारी ती नळीच. गाडी जमिनीवर उभी असताना त्याची लांबी टेपने मोजली, वरच्या डोळ्यापासून (बोल्टाच्या भोकापासून) खालच्या डोळ्यापर्यंत, तर सव्वातेरा इंच. काढून हाताने पूर्ण दाबला तर साडेबारा. म्हणजे आत जायला जेमतेम पाऊण इंच! उंची कमी करताना आपण पाटे काढले, अॅक्सल आणि कमानीच्या मध्ये दोन इंचांचे ठोकळे घातले, पण शॉकअप मूळ उंचीचेच ठेवले, आणि ते मी ठेवले, कारण ते नवे होते आणि मला पैसे वाचवायचे होते. खड्डा आला की पाऊण इंचानंतर शॉकअप लोखंडी दांडा बनत होता. वाळूची पोती टाकली तेव्हा तेवढीही जागा उरली नाही. तीन वर्षे मार खाऊन उजव्याची आतली झडप मेली होती. दाबला तर सायकलच्या पंपासारखा फस्कन आत गेला. म्हणून हौदा दाबून सोडला की तो तीन-चार वेळा वरखाली होत राहायचा आणि मी तुझ्या पाट्यांना शिव्या द्यायचो.

नाना पेठेतून आखूड जोडी आणली. मिटल्यावर साडेनऊ, ताणल्यावर सव्वासोळा. शेवंता 1951 ची आहे म्हणून हे तरी जमले. 1950 च्या आधी शेवर्ले या पिकअपला नळीऐवजी तरफेचे शॉकअप देत असे, ते शोधत बसलो असतो तर सगळे बुधवार आणि रविवार जुन्या बाजारात गेले असते. आता हौदा दाबला की एकदा वर येतो आणि थांबतो.

तरीही मोठ्या गतिरोधकावर अजून एक धक्का बसतो. शाडूचा गोळा पुन्हा ठेवला, या वेळी त्याची पोळी झाली. रबरापर्यंत सव्वा इंचच जागा आहे. अण्णांचा पुतण्या म्हणतो की चासीला अर्धगोल खाच पाडून वरून जाड पट्टी वेल्ड करू, अॅक्सलला जागा मिळेल. काम तो चांगले करील, त्याबद्दल शंका नाही. पण 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करायची तर चासीत फेरफार चालत नाही. ठोकळे आणि पाटे उद्या परत बसवता येतात, कापलेली चासी कोण भरून देणार? आणि काकांच्या गाडीवर गॅसकटर धरलेला बघवणारही नाही. दुसरा मार्ग, रबर अर्धे कापून मऊ बसवणे, तो पुढच्या आठवड्यात करतो आहे. तिसरा तू तेव्हाच सांगितला होतास: इतकी खाली नको, एक एक पाटा राहू दे. मी तुला ‘सरकारी अभियंता’ म्हणालो होतो. ते मात्र मागे घेत नाही, कारण तू आहेसच.

तुझा गुडघा कसा आहे? मृण्मयीचा निकाल लागला असेल, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार.

काढलेले चार पाटे तू नाशिकला नेले होतेस. त्यातल्या एका आखूड पाट्याचा तू लोहाराकडून कोयता करून घेतलास, हे मला ठाऊक आहे, तो ठेव. लांब जोडी मात्र गोणपाटात बांधून एसटीच्या पार्सलने पाठव, आणि डावा कोणता, उजवा कोणता हे खडूने लिही. नाहीतर स्वतःच घेऊन ये. पुढची सीट तुझी, नलू मागे बसायला तयार आहे.

तुझा,
श्रीधर