‘समर्पक साथ’ कोणाची?

महोदय,

जुन्या रेकॉर्डचं वेड परत आल्याबद्दलचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. रेकॉर्डचा आवाज किती गोड, हे त्यात पुष्कळ होतं. कव्हरच्या पाठीमागे काय छापलेलं असायचं, याबद्दल एक ओळही नव्हती. बीटल्स या इंग्लंडच्या बँडशी माझं नातं जुळलं ते तिथूनच, म्हणून हे पत्र.

१९७४ ची मे महिन्याची सुट्टी. मी अकरा वर्षांची, गिरगावात आजोळी. मामा व्यापारी जहाजावर नोकरीला. त्याची लोखंडी ट्रंक पलंगाखाली असायची आणि तिला हात लावायची बंदी होती. तो बोटीवर गेला होता, म्हणून मी उघडली. आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या सहा रेकॉर्डी निघाल्या. सगळ्यात वरची बीटल्सची ‘रिव्हॉल्व्हर’, १९६६ सालची, मामाने लंडनहून आणलेली. कव्हरवर काळ्या रेघांनी काढलेले चार चेहरे आणि त्यांच्या केसांच्या गुंत्यात अडकलेले छोटे छोटे फोटो. ते फोटो बघण्यातच माझा अर्धा तास गेला असेल.

मग मामाच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर ती लावली. पहिली तीन गाणी आजोबांनी पेपरआडून सोसली. चौथं सुरू झालं, ‘लव्ह यू टू’. आधी सतार, आलापासारखी सैल, आणि मग तबला. आजोबांनी पेपर खाली ठेवला. बालगंधर्वांच्या पदांवर वाढलेला माणूस तो.

“तबल्याला कोण आहे गं?”

“मला काय माहीत?”

“मागे बघ की, लिहिलं असेल.”

बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवत मी वाचलं : अनिल भागवत. “भागवत?” म्हणत आजोबा चष्मा शोधायला उठले. स्वतः वाचल्याशिवाय त्यांना खरं वाटेना. मग त्यांनी तेच गाणं तीनदा लावायला सांगितलं. त्या दुपारपासून ती चार पोरं मला आपल्या घरातली वाटू लागली, आणि आज साठी उलटली तरी ते तसंच आहे. जूनमध्ये मी तबल्याच्या क्लासचा हट्ट धरला. मुलीला तबला कशाला, असं घरात निघालं तेव्हा आजोबाच मध्ये पडले.

पुढे मामाने बीटल्सचीच ‘सार्जंट पेपर’ आणून दिली, १९६७ ची. तिच्या कव्हरवर सगळ्या गाण्यांचे शब्द होते. ‘विदिन यू विदाउट यू’ हे बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं गाणं तर मुख्यतः दिलरुबा, तबला आणि तंबोऱ्यावर उभं आहे. ती वाद्यं कोणी वाजवली हे मात्र कव्हरवर कुठेच नव्हतं. मी दोन्ही बाजू उलटसुलट करून शोधलं. ती नावं २०१७ मध्ये, पन्नास वर्षांनी, लोकांसमोर आली : दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा. अण्णा जोशी! वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला आजोबा नव्हते.

आता माझी नात फोनवर गाणं लावते. समोर चित्र येतं, बँडचं नाव येतं, साल येतं. आजोबांसारखं “मागे बघ की” म्हणायला तिथे मागची बाजूच नाही. निदान वर्तमानपत्राने तरी ही नावं सोडू नयेत. मागच्या महिन्यात एका मैफलीचा वृत्तांत वाचला. गायकाचं नाव, प्रमुख पाहुण्यांचं नाव, दीपप्रज्वलन कोणी केलं तेही होतं, आणि शेवटी “तबला व संवादिनीची समर्पक साथ लाभली”. ही ओळ मी गेली चाळीस वर्षं निरनिराळ्या पेपरांत वाचते आहे. आपण तरी ती बंद करा आणि तिथे दोन नावं घाला, ही कळकळीची विनंती.

त्या मैफलीला मी गेले होते. लोकल उशिरा आली, त्यामुळे सुरुवातीचं निवेदन हुकलं. भैरवीआधीच्या ठुमरीत त्या तरुण तबलजीने जी लग्गी वाजवली, तिच्यासाठी मला त्याचं नाव हवं होतं. सकाळी पेपर उघडला तो त्याचसाठी. ते नाव मला अजून मिळालेलं नाही.

– आपली नियमित वाचक, डोंबिवली