उतरवलेल्या फ्लेक्सचं काय?

महोदय,

सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातल्या फ्लेक्सबाजीवर पुन्हा चर्चा सुरू आहे. ती बहुतेक विद्रूपीकरणापाशीच थांबते. फ्लेक्स उतरल्यावर कुठे जातो, हे कोणी विचारत नाही.

फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेला पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं एक प्लास्टिक. पीव्हीसी मुळात कडक असतो. त्याची घडी घालता यावी म्हणून त्यात तेलकट द्रव मिसळतात. बहुधा थॅलेट नावाच्या रसायनांच्या वर्गातला, बाजारात ‘डीओपी’ म्हणून मिळणारा डीईएचपी. मऊ पीव्हीसीत असा द्रव वजनाच्या साधारण २० ते ४० टक्के असतो. युरोपात मुलांच्या खेळण्यांत डीईएचपी ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही, यावरून अंदाज यावा. हा द्रव पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसल्याने उन्हात आणि तेलाच्या संपर्कात बाहेर येत राहतो.

म्हणून कळकळीची विनंती: जुन्या फ्लेक्सवर पापड-कुरडया वाळत घालू नका. मे महिन्यात गच्चीवरचा फ्लेक्स चांगलाच तापतो, पापडाला तेलाचा हात असतो, आणि थॅलेट तेलात सहज विरघळतं. उंदरांवरच्या प्रयोगांत डीईएचपीमुळे नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडल्याचं दिसलं आहे. शरीरातून ते एक-दोन दिवसांत बरंचसं लघवीवाटे जातं. पण रोजच्या खाण्यातून रोज नवं येत असेल तर त्याचा काय उपयोग? वाळवणाला धुतलेलं सुती कापड उत्तम. अंथरलेलं प्लास्टिक कशाचं आहे अशी शंका असेल तर छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात दाबून, बुडबुडे काढून सोडा. पॉलिथिनची ताडपत्री तरंगते, फ्लेक्स तळाला जातो.

नाल्यात गेलेल्या फ्लेक्सचं थॅलेट पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं. प्राणवायू असलेल्या मातीत जिवाणू ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत तोडतात. गोदावरीला मिळणाऱ्या नाल्यांतल्या काळ्या, कुजक्या गाळात प्राणवायूच नसतो. तिथे ते दीर्घकाळ टिकतं. मलजल केंद्रात आलं तरी मोठा भाग गाळातच उतरतो, आणि तो गाळ खत म्हणून शेतात गेला तर त्याच्याबरोबर तेही जातं. फ्लेक्स जाळणं तर सर्वांत वाईट: हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन ही अतिविषारी द्रव्यं निघतात. क्लोरीनमुळे सिमेंट भट्ट्यांनाही हा कचरा नको असतो.

एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या १ जुलै २०२२ पासूनच्या केंद्राच्या बंदीत फलकांपैकी फक्त १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक येतात. होर्डिंगचा फ्लेक्स त्याहून जाड, म्हणून तो सुटतो. ही पळवाट महापालिकेला परवान्याच्या अटींतून बुजवता येईल. फलक सुती कापडाचा किंवा पॉलिथिनचाच हवा, छापणाऱ्याने बिलावर साहित्य लिहावं, आणि अनामत रक्कम फलक परत जमा झाल्यावरच मिळावी. सिंहस्थाचे परवाने देण्याआधी हे व्हायला हवं.

– एक प्लास्टिक तंत्रज्ञ, सातपूर, नाशिक